धोंडाआत्या आन् कोंबाचं नाव

आत्या, तू गेल्यावर एका सकाळी मी तुझ्या आवाजात खोकले आन् मोती उठून दाराकडं गेला.

मी मुद्दाम न्हाय केलं. चहाचा ठसका लागला. तू कशी आधी दोनदा बारीक खोकायचीस, मग तिसऱ्यांदा मोठ्यानं, आन् शेवटी "अगं आई गं" म्हणायचीस, तसंच्या तसं माझ्या तोंडातनं निघालं. मोती उंबऱ्यात झोपला व्हता. उठला, शेपूट हालवली, दारात जाऊन आपल्या ऊसरोपांच्या शेडनेटच्या वाटंकडं बघत बसला. लई येळ बसला. मी माझ्या आवाजात हाक मारली, "मोत्या, ये हिकडं." त्यानं वळून सुद्धा बघितलं न्हाय.

तवापास्नं मी कुणाचाच आवाज काढायचं बंद केलं. घरातल्यांना वाटलं पोरगी सुधारली. अण्णांनी तर कपाळाला हात लावून ताप बघितला. बारामती-इंदापूर गाडीचा कंडक्टर, गणिताच्या बाई, डेअरीत फॅट पुकारणारा आबा, चढावर गिअर बदलताना केकाटणारी दादाची मोटरसायकल, सगळी माझ्या गळ्यात गपगार बसली. जागा दिली असती तर लगेच बाहेर आली असती. पण सगळ्यांच्या पुढं तू उभी व्हतीस, आन् तुला बाहेर सोडायची मला भीती वाटायची.

तूच तर लावलीस ही सवय. बाकीची म्हणायची, पोरीच्या जातीला असलं शोभत न्हाय. तू म्हणायचीस, "भोरडी हाय ती. भोरड्यांचा थवा जोंधळ्यावर उतरला की रान कसं बोलायला लागतं, तसं हिनं तोंड उघडलं की घर बोलतं." शाळेच्या गॅदरिंगला मी हेडमास्तरांचीच नक्कल केली तवा अण्णांना शाळेत बोलवलं. त्यांच्या जागी तू गेलीस. हेडमास्तर रागानं बोलत व्हते आन् तू पदर तोंडाला लावून हसत व्हतीस. भाईर आल्यावर म्हणलीस, "तुझी नक्कल जरा कमीच पडली गं. त्यो बोलताना चष्मा पुसतो, ते घेतलं न्हाईस."

असं बघायला तू शिकवलंस. हसवायला मी माझी शिकले.

तुझं नाव मी पहिल्यांदा लिहिलेलं बघितलं ते आधार कार्डावर. सहावीत असंन. धोंडाबाई. घरात सगळी तुला आक्का नायतर आत्या म्हणायची, म्हणून मला ठावंच नव्हतं. मी पोट धरून हसले. तू उसाची कांडी सोलत बसली व्हतीस.

"हस की," तू म्हणलीस. "माझ्या आधी तीन लेकरं गेली. आईनं इचार केला, ह्या येळंला असं नाव ठिवू की मरण दारातनं डोकावंल आन् म्हणंल, ह्यो तर धोंडा हाय, धोंडा काय न्यायचा."

"मग?"

"मग काय, फसलं की गं." तू मला टाळी दिलीस. "साठ वर्सं झाली, फसलंच हाय. आन् माझ्या पाठीवर तुझा बाप झाला, त्याला बिनघोर देवाचं नाव ठेवलं. वाट मी मोकळी करून दिली."

तवापास्नं मला कळलं, तू जो भेटंल त्याला नावाचा अर्थ का इचारतीस. गॅसची टाकी आणणाऱ्याला, ऊसतोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या स्लिपबॉयला, कॅनॉलचं पाणी सोडणाऱ्या साहेबाला. निम्म्यांना सांगता यायचं न्हाय. तुला आश्चर्य वाटायचं. म्हणायचीस, "जन्मभर अंगावर घालून हिंडत्यात आन् कापड कसलं हाय ते ठावं न्हाय."

वहिनीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण आपल्याकडंच आलं. बारामतीच्या हॉस्पिटलात पाच दिवस तू वहिनीजवळ राहिलीस. मी सणसरवरनं डबा घेऊन यायचे. तिसऱ्या दिवशी मी आले तर तू खाटंवर बसून एका सिस्टरचा हात धरलेला. बारकी, सावळी, केरळची. तिला ड्युटीवर जायचं व्हतं आन् तू सोडंनास.

"हिला सांग गं तुझं नाव," तू तिला म्हणलीस.

"क्लोई."

"आता अर्थ सांग."

सिस्टर लाजली. तिचं मराठी आपल्या वळणाचं नव्हतं, पण गोड व्हतं. "आजी, आजपर्यंत कोणी पण विचारलं नाही. ग्रीक नाव आहे. जमिनीतून ते पहिलं पहिलं हिरवं येतं ना, छोटं, ते."

"कोंब," तू म्हणलीस.

"हां. कोंब. आमच्या बायबलमध्ये पण या नावाची एक बाई आहे."

तू माझ्याकडं असं बघितलंस जसं काय सिस्टरनं आपल्या शेडनेटचाच पत्ता सांगितलाय. उभा जन्म तुझा कोंब बघण्यात गेलेला. उसाचा डोळा कापायचा, ट्रेमधी लावायचा, आन् त्यो वर यायची वाट बघत बसायचं. मी मोबाईल काढून बघितलं. खरंच व्हतं. लई जुन्या काळात तिकडच्या ग्रीक लोकांची धान्याची एक देवी व्हती. रान कोवळं हिरवं झालं की त्या देवीला ह्याच नावानं हाक मारायचे. मी तुला वाचून दाखवलं.

"आन् पीक पिकून पिवळं झालं की?" तू इचारलंस.

"मग दुसरं काय तरी म्हणत असतील."

"बाई तीच," तू म्हणलीस. "हाक बदलती."

खिडकीतनं ऊन येत व्हतं, पोरगी दुपट्यात झोपली व्हती, मूठ गालावर ठेवून. तू तिच्या मुठीला बोट लावलंस आन् हळूच म्हणलीस, "कलोई." तुझ्या तोंडात त्याचं कलोईच व्हायचं. क आन् ल हातात हात घालून यायला तयार नव्हते, तू त्यांना एकामागं एक सोडलंस, बांधावरनं चालल्यागत.

आत्या, तिथंच थांबायला पाहिजे व्हतं मी. पण मला गंमत सुचती. मला गंमत सुचली की ती पोटात ऱ्हात न्हाय.

बाळ घरी आलं त्या दिवशी उन्हं उतरल्यावर सगळी अंगणात बसली व्हती. अण्णा, दादा, शेजारच्या काकू, रोपवाटिकेतल्या बाया. तू नाव सांगितलंस. अर्थ सांगितलास, देवी सांगितलीस. मग दादा म्हणला, "आत्या, अक्षर म निघालंय. मायरा ठरलंय."

"मायराचा अर्थ काय?"

"अर्थ काय करायचाय. सगळी तेच ठेवत्यात."

"मग हाक मारल्यावर सगळ्याच येतील की रं," तू म्हणलीस.

आन् मी उठले. ओढणी तुझ्या पदरागत डोक्यावर घेतली, एक हात कमरंवर, एक हात कपाळावर, कॅनॉलकडं तोंड केलं आन् तुझ्या आवाजात हाक टाकली. "ए कलोईऽऽ. धोंडीचे नाती. शेळी सुटली गं, कुठं उलथलीस." मग खोकले. दोनदा बारीक, एकदा मोठ्यानं. अगं आई गं.

लोळली सगळी. अण्णांच्या डोळ्यातनं पाणी आलं. काकू म्हणाल्या, परत कर, परत कर, आन् मी परत केलं. तू बी हसलीस. मला टाळी दिलीस. मग डोक्यावरचा पदर खाली घेतलास, झटकलास, आन् परत डोक्यावर घेतलास. मी बघितलं ते. चष्मा पुसण्यागतच व्हतं ते, बारीक. तू शिकवलंस म्हणून मला दिसलं. आन् दिसून मी न दिसल्यागत केलं.

दुसऱ्या दिवशी आपण ट्रे भरायला बसलो. शेडनेटमधी सकाळचं ऊन हिरवं व्हऊन येतं, माणसं पाण्याखाली बसल्यागत दिसत्यात. तुझ्या पायाशी कापलेल्या डोळ्यांचं घमेलं. दुसऱ्या टोकाला बाया कोकोपीट कालवत व्हत्या. तू वर न बघता बोलायला लागलीस.

"भोरडे, पोरीची आत्या तू हायस. कानात नाव सांगणारं तोंड तुझं. माझं न्हाय त्यात काय."

"मग?"

"मग कलोई सांग."

"आन् दादा मला वेशीभाईर काढंल."

"काढत न्हाय. शाळंत मायरा लावू दे. पाळण्यातलं नाव कोण बघतंय."

"कोण बघणार न्हाय तर ठेवायचं कशाला? आन् कोंबच पाहिजे तर पल्लवी ठेव की. मराठीत बी हाय."

"पल्लवी पानं फुटल्यावरची. ह्ये त्याच्या आधीचं हाय. येतंय का न्हाय ठावं नसतं तवाचं."

"लोक हसत्याल, आत्या."

तू हातातला डोळा ट्रेमधी बसवलास, अंगठ्यानं दाबलास. "लोक आपसूक हसत न्हाईत गं. कुणी तरी पुढं व्हावं लागतं."

मला ते लागलं. लई लागलं, कारण खरं व्हतं. मी भराभरा डोळं ट्रेमधी कोंबत सुटले. थोड्या येळानं तू म्हणलीस, "डोळा खाली लावायलीस तू."

डोळा वर लावायचा असतो, हे मला चालायला यायच्या आधीपास्नं ठावं हाय. सणसरात हे कुणाला बी ठावं हाय. मी ट्रेकडं बघितलं तर ओळीच्या ओळी उलट्या. सगळ्या डोळ्यांनी मातीत तोंड घातलेलं.

"लागू दे," मी म्हणले.

"येईल त्यो. उशिरा येईल, वाकडा येईल, पण येईल. टाकून देऊ नगंस." मग तू बायांकडं बघितलंस, आवाज बारीक केलास. "त्या सिस्टरनं पोरीला..." आन् थांबलीस.

मी म्हणले, "सिस्टरचं नाव सिस्टरला ऱ्हाऊ दे."

आत्या, हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. सगळ्या जगाचे आवाज काढणारी मी, आन् तुझ्यासाठी हे एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चूल पेटवलीस आन् तितंच टेकलीस. जन्मभर फसलेलं मरण, ह्या येळंला त्यानं नाव इचारलंच न्हाय.

भटजी म्हणलं, दिल्या घरची लेक हाय, तीन दिवस पाळलं तरी पुरं. अण्णांनी न्हाय म्हणून मान हालवली. "तिचा मालक गेल्यापास्नं ती हितं हाय. माझ्या आधीची हाय. तेरा दिवस," एवढंच म्हणलं. म्हणून बारसं पुढं गेलं. पोरगी बिननावाची राहिली. सगळी तिला बाळ म्हणायची. दादा सुद्धा मायरा म्हणायचा न्हाय, ओठावर आलं तर गिळायचा.

ट्रे ताडपत्रीखाली झाकलेले व्हते. पाच-सहा दिवसांनी बायांनी उघडलं. तुझ्या हातच्या ट्रेमधी सुईगत पांढुरके कोंब वर आलेले, सगळे सरळ, शाळंतल्या प्रार्थनेला पोरं उभी राहिल्यागत. माझ्या ट्रेमधी काय न्हाय. नुसती काळी माती. बाया म्हणल्या, हे वतून टाकायचं का? मी म्हणले, न्हाय.

मग रोज दुपारी मी तितं जाऊन बसायचे. फवारा सोडला की बारीक धुकं पडायचं, हिरव्या उजेडात हिरवं धुकं. तुझी पाटी उपडी पडलेली, तिच्यावर बसायचे. कधी वाटायचं तू मागं हायस, बायांना काय तरी सांगतीस. कधी वाटायचं लांब कुठं तरी समुद्राच्या पल्याड एक बाई अशीच बांधावर बसलीय, पदर डोक्यावर घेऊन, आन् गव्हाकडं बघत तेच नाव हळूच म्हणतीय, कुणी ऐकंल म्हणून न्हाय, येतंय का बघायला. तिला तुझ्यागत खोकला यायचा का, असला इचार करत मी कितींदा तितंच डुलकी काढली.

मला सॉरी म्हणायचं व्हतं तुला. माझ्या आवाजात म्हणायला गेले तर कुणाची तरी नक्कल केल्यागत वाटलं. म्हणून एकदा तुझ्या आवाजात म्हणून बघितलं, मनातल्या मनात. न्हाय जमलं. तू कधी कुणाला तो शब्द म्हणलीच न्हाईस. कुणाचं चुकलं असलं, तुझं चुकलं असलं, तू नुसती सोललेली कांडी पुढं करायचीस. मग मी एक कांडी सोलली, पाटीजवळ ठेवली, आन् मुंग्यांनी खाल्ली.

बारशाच्या दिवशी सकाळी ट्रे बघायला गेले. एका कोपऱ्यातल्या कप्प्यात माती वर उचललेली. खालनं काय तरी ढकलत व्हतं. कोंब वर आला व्हता, पण सरळ न्हाय. आधी खाली गेलेला, मग ठावं झालेलं की आभाळ हिकडं न्हाय, मग वळलेला. सुईच्या जागी गळ. शेजारच्या दोन कप्प्यांत बी माती फुगलेली. मी बोट लावलं. गार व्हता. टोक हिरवं.

मी तितंच उकिडवी बसून राहिले. दादा हाका मारायला लागला तरी.

बारशाला बाया लई आल्या. पाळण्याला फुलं बांधलेली, वहिनी पाळण्याच्या दोरीजवळ. दादानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मायरा. काय गंमत करू नगंस." मी म्हणले, "न्हाय करणार." खरंच सांगितलं मी. गंमत न्हाय करणार.

मी पाळण्यावर वाकले. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत, आन् आपल्या बाया रीत पाळण्यात कधी कमी पडत न्हाईत. काकूंनी तर जुना हिशोब चुकता केला माझा. धपाधप, हसणं, बांगड्या, गोंधळ. त्या सगळ्याच्या खाली मी पोरीच्या कानाला तोंड लावलं. कुर्रर्र केलं. आन् मग तुला बाहेर सोडलं.

क आधी, ल मागनं. बांधावरनं चालल्यागत. हॉस्पिटलातल्या त्या दुपारच्या आवाजात, अंगणातल्या न्हाय.

पोरीनं मूठ उघडली.

मग मी ताठ उभी राहिले आन् मोठ्यानं म्हणले, "मायरा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या वाटल्या. दादाचा जीव भांड्यात पडला.

दिवे लागायच्या येळंला पाव्हणं गेलं. वहिनी पाळणा हालवत बसली व्हती, मी घुगऱ्यांची पातेली घासत.

"वन्सं," ती म्हणली, "कानात काय सांगितलंत?"

"मायरा."

"मी दोरीला व्हते. मला वाटलं आत्याच आल्या."

मी घासत राहिले. पातेलं कवाच स्वच्छ झालेलं.

"पोरगी रडली नव्हती," वहिनी म्हणली. "झाली तवा. मला सगळं कळत व्हतं, मी जागी व्हते. निळी पडलेली, गप. सगळी डॉक्टर गप. त्या सिस्टरनं तिला हातावर पालथी घेतली आन् पाठ चोळायला लागली, थोपटायला लागली, मल्याळीत काय काय बोलत. लई येळानं रडली. सिस्टरनं बाहेर जाऊन आत्यांना सांगितलं. आत्या मला म्हणल्या, घरात कुणाजवळ काढू नगंस, पोरीच्या मागं बोलणं लागतं. तिच्या मागं लावायचंच असंल तर ह्या सिस्टरचं नाव लावू."

आत्या, एवढंच व्हतं व्हय. माझ्यापुढं एवढंच बोलायचं व्हतं, आन् बाया बघून थांबलीस. आन् मी म्हणले, सिस्टरचं सिस्टरला.

"ह्यांना मी सांगते सावकाश," वहिनी म्हणली. "घरातली हाक कुणी थोडीच तपासायला येतंय. तुमी एकदा नीट म्हणा की. सकाळी धपाट्यात तिला ऐकू आलं नसंल."

मी हात पुसलं. पाळण्याजवळ गेले. मोती उंबऱ्यातच व्हता. तुझ्या आवाजात मी हाक मारली, हळू न्हाय, चांगली मोठ्यानं, शेडनेटातनं घरापर्यंत यायची तशी. "कलोईऽऽ."

मोती उठला. दाराकडं बघितलं. मग वळला, चालत आला, आन् पाळण्याखाली अंग टाकून बसला.

पोरगी जागी व्हती, आढ्याकडं बघत. तिनं ओ दिली न्हाय अजून. देईल. तू म्हणलीस तसं, उशिरा देईल.